आजोबांची बुलेट आधी चालू करा, रंगाचं नंतर बघू

वाचकाचं पत्र: आमच्या गिरगावातल्या चाळीत जिन्याखाली आजोबांची १९७४ सालची बुलेट ३५० ताडपत्रीत झाकून उभी आहे. आजोबा २०१४ साली गेले, तेव्हापासून ती चालू झालेली नाही. किक खाली जातच नाही. एक मेकॅनिक म्हणतो, "पूर्ण खोलून देतो, पावडर कोटिंग, क्रोम, सगळं नवं, सत्तर हजार." मला ती स्वतः शिकून उभी करायची आहे, पण आजवर स्कूटरचा प्लग बदलण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे. सुरुवात कुठून करू? – अनिकेत

प्रिय अनिकेत,

गाडी पूर्ण खोलू नका. मेकॅनिकलाही खोलू देऊ नका. बुलेट सुटी करायला दोन रविवार पुरतात. पुढे ती गोण्यांत पडून राहते, कारण सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही. नव्या हाताच्या बहुतेक जुन्या गाड्या अशाच अर्धवट राहतात आणि शेवटी भंगारवाल्याकडे जातात. तुम्ही एका वेळी एकच भाग उघडा, तो दुरुस्त करून परत बसवा आणि मगच पुढच्याला हात लावा. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालली, ब्रेक लागला, की रंगाचा विचार करायचा.

पहिल्या शनिवारी पाना हातात घ्यायचाच नाही. गाडी पुसा आणि मोबाइलवर दीडशे-दोनशे फोटो काढा: प्रत्येक केबल कुठून कुठे जाते, कुठली वायर कुठल्या रंगाच्या वायरला जोडली आहे, बॅटरीचं कुठलं टोक चेसिसला लावलं आहे. हे शेवटचं विसरू नका. जुन्या गाड्यांत कधीकधी पॉझिटिव्ह टोक चेसिसला असतं, आणि नेहमीच्या सवयीनं उलटी बॅटरी जोडली तर चार्जिंगचा रेक्टिफायर जळतो. मग इंजिन नंबर आणि चेसिस नंबर शोधा. त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटेल, तो आरसीशी ताडून पाहा. नंबर जुळत असतील तर पुढचं सगळं करण्यात अर्थ आहे. या दोन जागांवर ग्राइंडर, पॉलिश, पुट्टी काहीही लागू देऊ नका. पावडर कोटिंगवाल्यांकडे नंबर बुजून येतात आणि तपासणीच्या वेळी गाडी अडकते.

कागदांचं काम याच आठवड्यात सुरू करा, ते इंजिनापेक्षा हळू चालतं. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. नियमानं मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुमची मुदत केव्हाच गेली, त्यामुळे उशिराचा दंड धरून चला. आजोबांचा मृत्यूचा दाखला, मूळ आरसी आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती लागेल. आजी, बाबा, काका, आत्या, सगळ्यांच्या सह्या आताच घेऊन ठेवा. गाडी उभी राहून चमकायला लागली की घरात तिच्यावर हक्क सांगणारे वाढतात. तुमच्या भागाचं आरटीओ म्हणजे ताडदेव. रजिस्ट्रेशनची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाला गाडी तिथे चालत्या स्थितीत दाखवावी लागते, म्हणूनही आधी इंजिन.

"व्हिंटेज नोंदणी करून घ्या" असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर एक फेरी मारायची एवढीच इच्छा असली, तरी साधं नूतनीकरण हाच तुमचा मार्ग.

आता हत्यारं. नवखा माणूस पहिला घोळ इथेच घालतो. तुमच्या बुलेटचे आटे ब्रिटिश मापाचे आहेत. त्यांवर १३ किंवा १४ नंबरचा मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की निसटतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. अकरा वर्षांच्या गंजानं धरलेला नट एकदा गोल झाला की छिन्नी लावण्यावाचून गती नाही. हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, जाऊन व्हिटवर्थ मापाचे रिंग पाने मागा: ३/१६, १/४, ५/१६ आणि ३/८. सोबत ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फिलर गेज आणि बारीक पितळी ब्रश घ्या. नट हरवला तर तिथूनच त्याच आट्याचा आणा. मेट्रिक बोल्ट दाबून बसवला तर इंजिनाच्या ॲल्युमिनियममधले आटे कापले जातात.

तुमचा खरा प्रश्न किकचा.

आधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते मागचं चाक फिरवून पाहा. मग क्लच पूर्ण दाबून किक हळू दाबा. आता किक खाली गेली तर गिअरबॉक्स आणि किकची यंत्रणा ठीक आहे, इंजिन धरलं आहे, म्हणजे आतून जाम झालं आहे. तरीही गेली नाही तर दोष किकच्या गिअरमध्ये असू शकतो. पण इतकी वर्षं उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटाही एकमेकींना चिकटतात, आणि मग ही खूण फसवते. त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका आणि कुठल्याही परिस्थितीत किकवर उभे राहू नका. धरलेल्या इंजिनावर अंगाचा भार टाकला की किकच्या आतले दात तुटतात, आणि दहा मिनिटांच्या घाईपायी गिअरबॉक्स उघडावा लागतो.

इंजिन का धरतं ते समजून घ्या, म्हणजे हात आपोआप सावध होईल. गाडी शेवटची बंद झाली तेव्हा दोनपैकी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार. गिरगाव चौपाटीवरून येणारी खारी, दमट हवा सायलेन्सर किंवा कार्ब्युरेटरमधून आत जात राहिली. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, बिडाचा. पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या त्या रेषेवर गंज धरला आणि रिंगांना बोअरशी सांधून बसला. गंजाचा हा पट्टा बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. तो भिजवून सुटतो. जोर लावला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअरला ओरखडा पाडतो.

प्लग काढा. डिझेल आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, अर्धं-अर्धं मिसळून ४० ते ५० मिलि प्लगच्या भोकातून आत सोडा. भोकात चिंधी कोंबा. आठवडाभर रोज संध्याकाळी थोडं थोडं घाला. मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलकेच डुलवा, कुलूप किल्लीनं चाचपावं तसं. केसभर हालचाल मिळाली की थांबा, पुन्हा तेल घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा डुलवा. साधारण दोन-तीन आठवडे हातात धरा. तेवढ्यानंही सुटलं नाही तर हेड उतरवून पिस्टनच्या कडेनं थेट तेल सोडायचं आणि लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून हलके ठोके द्यायचे. पिस्टनवर हातोडा थेट कधीच नाही.

इंजिन सुटलं म्हणजे झालं, असं समजून लगेच किक मारू नका. गंजाच्या पट्ट्यावरून रिंगा घासत राहिल्या तर बोअर खराब होतो. बुलेटची एक सोय आहे: इंजिन चेसिसमध्ये ठेवूनच हेड आणि बोअर उतरतात. टाकी काढली की हात पोचतो. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत आणा. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, धरणारे ठोकळे जोडीनं घासून बसवलेले असतात. वरचा-खालचा, डावा-उजवा यांची अदलाबदल झाली तर रॉकर आवळतो. सोडवल्याक्षणी त्यांवर खूण करा. रॉकरला खालून ढकलणाऱ्या पुशरॉडलाही "इनटेक", "एक्झॉस्ट" अशा चिठ्ठ्या लावा. हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असतानाच, समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करा. एका बाजूनं सोडवत गेलात तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग कितीही गॅस्केट बदला, तिथून फुंकत राहतं.

बोअर वर उचलताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. पिस्टनची पिन धरणारी गोल क्लिप आत पडली तर ती काढायला आख्खं इंजिन खोलावं लागतं. आता कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली ओढून पाहा. बाजूला थोडी हलली तर चालते. वर-खाली टकटक अजिबात नको. टकटक लागली तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं. ते काम क्रँक प्रेस करून जुळवणाऱ्या कारागिराचं, तुम्ही त्यात पडू नका.

बोअर उजेडात धरा. आतून बोट फिरवल्यावर नखाला खाच लागली किंवा वर कडेला ठसठशीत पायरी लागली, तर बोअरिंगला द्या. तुमचा मूळ बोअर ७० मिमीचा. पिस्टन २० थाऊ, ४० थाऊ अशा वाढीव मापात मिळतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आधी पिस्टन विकत घ्या, मग तो हातात घेऊन लेथवाल्याकडे जा. नुसत्या मापावर बोअर करून ठेवला आणि पिस्टन किंचित वेगळा निघाला तर दोन्ही फुकट. खाच लागत नसेल तर होनिंग, म्हणजे बोअर आतून हलका घासणं, आणि नव्या रिंगा पुरेत. नवी रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या फटीत फिलर गेज घाला. बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ असा साधा हिशोब आहे, म्हणजे ७० मिमीला निदान ०.२८ मिमी. फट याहून कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि इंजिन पुन्हा धरतं. तेव्हा टोक कानशीनं घासून वाढवा. व्हॉल्व्ह गळतात का ते पाहायला हेड उलटं करून पोर्टमध्ये थोडं डिझेल ओता. पाच मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेनं ओल आली तर ग्राइंडिंग पेस्ट लावून घासा.

परत बसवल्यावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, जुळवा. बोअरच्या उजवीकडचं छोटं झाकण काढा. इंजिन गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. पुशरॉड दोन बोटांनी सहज गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली जराही खेळ नको. एवढंच माप. घट्ट ठेवलीत तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

तेलाच्या बाबतीत या इंजिनाची एक खोड आहे. तेल इंजिनाच्या पोटातच वेगळ्या कप्प्यात असतं आणि दीर्घकाळ उभ्या गाडीत ते पंपातून झिरपत क्रँकजवळ साचतं. खालचे सगळे ड्रेन बोल्ट उघडून जुना काळा चिखल निथळू द्या. टायमिंग कव्हरमधला नमद्याचा फिल्टर बदला, तो स्वस्त आहे. नवं तेल २० डब्ल्यू ५०, सगळं मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास, पण मोजपट्टी सांगेल ते खरं. मग प्लग काढलेलाच ठेवून किक मारत राहा आणि रॉकरकडे जाणाऱ्या बाहेरच्या नळीचा बोल्ट जरा सैल करा. तिथून तेल पाझरताना दिसल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. पन्नास-साठ किकनंतरही आलं नाही तर पंप उघडावा लागेल. तेव्हा एक लक्षात ठेवा: पंप फिरवणाऱ्या वर्मचे, म्हणजे स्क्रूसारख्या गिअरचे, आटे डावे आहेत, तो नेहमीच्या उलट दिशेला सुटतो. माहीत नसल्यानं तो तोडणारे पुष्कळ. क्लचकडच्या चेनकेसमध्ये वेगळं तेल लागतं, साधारण ४२० मिलि. गिअरबॉक्सचं तेल त्याहून निराळं.

ठिणगीसाठी पॉइंट, म्हणजे ठिणगीचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडा. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडावर करडा थर चढलेला असेल. बारीक कानशीनं साफ करा, मधे खळगा आणि समोर टेकाड दिसलं तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे टाका. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.५ ते ०.६. टायमिंग: वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी ॲडव्हान्सची वजनं मिटलेली असताना, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडले पाहिजेत. पॉइंटच्या मध्ये बिडीच्या कागदाइतका पातळ कागद धरून तो सुटण्याचा क्षण पकडा. टायमिंग फार पुढे गेलं तर किक उलटी येते आणि घोटा मोडू शकतो, म्हणून इथे अंदाज चालवू नका. बारा व्होल्ट करून घ्या असा सल्ला मिळेल. मुंबईच्या रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये सहा व्होल्टचा दिवा खरंच अपुरा पडतो, तेव्हा पुढे जरूर करा. पण आधी गाडी जशी होती तशी चालवा, नाहीतर जुना दोष कुठला आणि नवा कुठला हे कळणार नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल आता वॉर्निशसारखं झालं असेल. ते गटारात ओतू नका, आणि हे काम जिन्याखाली अजिबात करू नका. चाळीच्या जिन्यावर चोवीस तास देवाचे दिवे, उदबत्त्या, विड्या असतात आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. अंगणात करा. नळ बंद करून दर लिटर पाण्याला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं सत, असं टाकी भरून दिवसभर ठेवा. रिकामी केल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच हेअर ड्रायरनं कोरडी करा. पावसाळ्यातल्या हवेत धुतलेलं पोलाद तासाभरात तांबूस होतं, म्हणून कोरडी होताच आतून थोडं तेल फिरवा. नव्या पेट्रोलमध्ये २०% इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर मऊ करतं. पाइप आणि कार्ब्युरेटरच्या रबरी पट्ट्या नव्या घाला, आणि गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. जेट साफ करायला तांब्याची तार वापरा, सुई नको. सुईनं भोक मोठं होतं.

ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. टायर, ट्यूब आणि सगळ्या केबल बदला, त्यात काटकसर नको. टायरचं माप ३.२५-१९.

टाकीचा रंग मात्र सांभाळा. सोनेरी रेषा कारखान्यात हातानं ओढलेल्या असत. तुमच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना जिथे काळा रंग झिजून आतलं धातू दिसतं, ती आजोबांच्या गुडघ्यांची जागा आहे. पॉलिश आणि मेण पुरेसं आहे. क्रोम सुटलं असेल त्या भागांचा विचार वर्षभरानं करा. काढलेला एकही मूळ भाग, तुटका असला तरी, टाकू नका. नव्या भागाचं माप त्यावरूनच घ्यायचं असतं. चोर बाजारात आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात, पण हातात नमुना नेला नाही तर भलतंच गळ्यात पडतं.

पहिली किक मारण्याआधी एक सवय मोडा. या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात आहे, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. स्कूटरचा माणूस घाबरल्यावर उजवा पाय दाबतो आणि इथे ब्रेकऐवजी गिअर बदलतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस इंजिन बंद ठेवून नुसते पाय चालवा.

मग चावी लावा आणि किक सावकाश दाबत जा. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा उणे बाजूला असेल. तो मध्यावर येईल तिथे थांबा, डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी, ओढा, किक आणखी दोन-तीन इंच ढकला, डीकॉम्प्रेसर सोडा. किक वर येऊ द्या आणि आता एकच पूर्ण, लांब किक. घाईच्या चार अर्ध्या किकांनी बुलेट चालू होत नाही. साचलेलं तेल जळून सुरुवातीला निळसर पांढरा धूर येईल, दोन-तीन मिनिटांत तो विरायला हवा. विरला नाही तर बंद करून क्रँककेसमधलं तेल पुन्हा निथळा. पहिल्या वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. बंद केल्यावर खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा, रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी थेंब कुठे पडले आहेत त्यावरून कुठलं गॅस्केट पुन्हा बसवायचं ते कळेल. आणि इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट समोरासमोर एकदा आवळून घ्या, नव्या गॅस्केटवर ते हमखास पाव फेरा सैल झालेले असतात.